बिलावर नवा एअर फिल्टर, डब्यात मात्र जुनाच

माझ्याकडे गाडीच्या सर्व्हिसिंगची दोन बिलं आहेत. दोन्हींवर ‘एअर फिल्टर बदलला’ अशी ओळ आहे, फिल्टरचे पैसे वेगळे आणि बसवण्याची मजुरी वेगळी. गाडीत मात्र कारखान्यातून निघताना बसवलेला पहिलाच फिल्टर होता. दोन्ही वेळा त्याला कुणी हातसुद्धा लावला नव्हता.

दुसऱ्या वेळचा प्रसंग मला नीट आठवतो. मी काउंटरपाशी बसले होते. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर आतून एक काळाकुट्ट फिल्टर घेऊन आला आणि माझ्यासमोर टेबलावर आपटला. धूळ पडली. “मॅडम, हा बघा तुमचा फिल्टर. एवढा कचरा इंजिनात चाललाय, अ‍ॅव्हरेज पडणारच.” तो कचरा बघितल्यावर नाही म्हणायचं कारणच नव्हतं. मी होकार दिला, सही केली, पैसे भरले.

त्यानंतर दीड महिना झाला असेल. चढावर गाडी ओढेना, पिकअप मेल्यासारखा वाटू लागला. मॅन्युअल काढून वाचलं, तर त्यात पहिल्या काही कारणांतच एअर फिल्टर होता. तो तर नवा आहे, मग निदान नीट बसवलाय का ते बघू, एवढ्याच विचाराने मी बॉनेट उघडलं. इंजिन बंद आणि थंड होतं. काळ्या प्लास्टिकचा डबा, त्याला चार क्लिपा. क्लिपा सोडल्या, झाकण उचललं.

आत मातकट काळ्या घड्या होत्या, त्यांत वाळक्या पानांचा चुरा आणि किड्यांचे पंख. रबरी कड कडक झालेली, तिच्यावर डब्याच्या काठाचा खोल ठसा उमटलेला. दीड महिन्यात असा ठसा उमटत नाही. फिल्टर उलटा केला, तर कडेवर महिना आणि वर्ष छापलेलं होतं. मी गाडी विकत घेतली त्याच्याही आधीचं. आणि सगळ्यात संताप आला तो आकार बघून. माझा फिल्टर जवळजवळ चौकोनी आहे. टेबलावर आपटलेला लांबट आणि अरुंद होता. तो माझ्या गाडीचा नव्हताच. दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचा कचरा दाखवून माझ्याकडून पैसे घेतले होते.

पैशांइतकीच मला इंजिनाची काळजी वाटली. पेट्रोल इंजिनाला १ किलो पेट्रोल जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. म्हणजे १ लिटर पेट्रोलमागे साधारण ९,००० लिटर हवा त्या कागदी घड्यांतून जाते. कागद फाटला किंवा रबराने कड धरली नाही, तर बारीक वाळू थेट सिलिंडरपर्यंत पोचते आणि पिस्टनच्या रिंगा घासते. अ‍ॅव्हरेजचा धाक मात्र बराचसा पोकळ निघाला. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत, फ्युएल इंजेक्शनच्या आधुनिक पेट्रोल गाड्यांत तुंबलेल्या फिल्टरमुळे इंधनाचा खप फारसा वाढला नाही, गाडीचा वेग घेणं मात्र मंदावलं. आत येणारी हवा कमी झाली की गाडीतला कॉम्प्युटर पेट्रोलही त्या मानाने कमी सोडतो.

फिल्टर, फोटो आणि बिलं घेऊन मी परत गेले. आधी “मुलाकडून राहून गेलं असेल” असं उत्तर मिळालं. मग “बाहेर कुणी जुना बसवला असेल” असंही म्हणून झालं. मी छापलेली तारीख दाखवली आणि त्या दिवशी दाखवलेला लांबट फिल्टर या डब्यात बसवून दाखवा म्हटलं. तेव्हा कुठे दुसऱ्या बिलाचे पैसे परत मिळाले. पहिल्याचे मिळाले नाहीत.

म्हणून कळकळीने सांगते, हा डबा एकदा स्वतः उघडून बघा. बहुतेक गाड्यांत क्लिपा नाहीतर चार-पाच स्क्रू असतात, पाच-दहा मिनिटांचं काम आहे. नवा फिल्टर घेताना जुना शेजारी ठेवून लांबी, रुंदी, उंची जुळवा आणि घड्या मोजा. डुप्लिकेट मालात बऱ्याचदा घड्या कमी असतात आणि रबर पातळ असतं. जुना काढल्यावर डब्याच्या तळाची धूळ कोरड्या फडक्याने पुसा, पण पुढच्या पाइपात काही पडू देऊ नका. बऱ्याच गाड्यांत त्याच वाटेवर हवा मोजणारा सेन्सर असतो, त्याची वायर ओढू नका. कागदी फिल्टर पाण्याने धुऊ नका, कॉम्प्रेसरची हवाही जवळून मारू नका, कागद फाटतो. झाकण बसवल्यावर सगळ्या क्लिपा लागल्यात ना ते हाताने चाचपून बघा. बहुतेक गाड्यांना २०,००० ते ४०,००० किलोमीटरपर्यंत एक फिल्टर पुरतो, धुळीच्या रस्त्यांवर कमी. आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो. आणखी एक, एसीचा केबिन फिल्टर वेगळा, तो बहुधा ग्लोव्ह बॉक्समागे असतो. बिलावर नुसतं ‘फिल्टर’ लिहिलं असेल तर कुठला ते विचारा.

मी नव्या फिल्टरच्या कडेवर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवले. पुढचं सर्व्हिसिंग दुसऱ्या गॅरेजमध्ये केलं. तिथेही यादीत एअर फिल्टर होता. मी म्हटलं, “माझ्यासमोर डबा उघडा, कडेवर माझं अक्षर आहे.” त्याने बॉनेटकडे एकदा पाहिलं आणि यादीतली ती ओळ खोडून टाकली.