५१,६०० रुपये गेले आणि हातात स्कोपही नाही

आकडा आधीच सांगून टाकतो, नंतर लपवाछपवी नको. ५१,६०० रुपये. रायफलवर बसवायची नेमाची दुर्बीण, म्हणजे स्कोप, तोही गेला ते वेगळंच. मी एकोणीस वर्षं ऑडिटमध्ये आहे. दुसऱ्यांची बिलं उलटसुलट करून बघायची आणि खोट काढायची, याचाच मला पगार मिळतो. ऑफिसात अजून कुणाला सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही.

आम्ही पाच-सहा जण रविवारी सकाळी एअर रायफलनं २५ मीटरवर कागदी टार्गेट मारतो. ऑलिम्पिकशी त्याचा संबंध नाही. तिथे स्कोप चालतच नाही. स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ब्रॉन्झ जिंकलं तेसुद्धा नेम धरायच्या भिंगाशिवायच्या साइटवर. आमचा आपला हौशी खेळ. माझी रायफल स्प्रिंगची, नळी खाली वाकवून छर्रा भरायची. असल्या रायफलचा झटका विचित्र असतो. पिस्टन पुढे धावताना रायफल मागे येते, आणि पिस्टन टोकाला आपटला की पुढे हिसका बसतो. खऱ्या बंदुकीसाठी केलेला स्कोप मागच्या धक्क्याला तयार असतो, या पुढच्या हिसक्याला नाही. आतली भिंगं आणि रेटिकल, म्हणजे नेम धरायच्या रेघा, ढिली होतात. माझा ४,५०० रुपयांचा एक स्कोप असाच खिळखिळा झाला होता. शिवाय बंदुकीच्या साध्या स्कोपचं पॅरालॅक्स, म्हणजे रेघ आणि टार्गेट एका पातळीवर जुळायचं अंतर, बहुधा १०० यार्डांवर पक्कं केलेलं असतं, त्यामुळे आमच्या अंतरावर चित्र पुसट दिसतं आणि डोळा जरा सरकला की रेघ टार्गेटवरून सरकते. म्हणून मला १० यार्डांपर्यंत फोकस होणारा, स्प्रिंग रायफल सोसणारा स्कोप हवा होता. चार महिने मी त्याचाच अभ्यास करत होतो. उठून पहिल्या जाहिरातीवर भाळणाऱ्यातला मी नाही, हे लिहून ठेवतो. पुढे वाचताना तुम्हाला तसं वाटणार आहे.

नेमबाजीच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर स्कोप विकणारा हा माणूस भेटला. एका नामांकित परदेशी कंपनीचा ६-२४×५० स्कोप (६ ते २४ पट मोठं दाखवणारा, पुढचं भिंग ५० मिलिमीटरचं), ३८,५०० रुपये. दुकानात मला त्याचेच ५७,००० सांगितले होते. 'निम्म्या किमतीत मिळत असेल तर सावध व्हा' हे सगळ्यांना पाठ आहे, मलाही होतं. पण हा निम्म्यात देतच नव्हता! दुकानाचं भाडं नाही, मधला डीलर नाही, म्हणून स्वस्त, हे पटण्यासारखं होतं. आणि वर म्हणाला, "सर, लाइफटाइम वॉरंटी आहे. कंपनी बिलसुद्धा मागत नाही." यातली गंमत अशी, की काही कंपन्या खरंच मागत नाहीत. पहिला मालक कोण, बिल कुठंय, काही विचारत नाहीत, स्कोप दुरुस्त करून देतात. मी ते वाचलेलं होतं, म्हणूनच अडकलो. ते वचन कंपनीनं बनवलेल्या मालाला असतं, आणि बऱ्याच कंपन्या तेही फक्त अधिकृत विक्रेत्याकडून घेतलं तरच पाळतात. वॉरंटी कितीही वर्षांची असो, तुमच्या देशात ती कोण पाळणार, त्याचं नाव-पत्ता आधी लिहून घ्या.

व्हिडिओ कॉलवर त्यानं टरेट, म्हणजे नेम जुळवायची फिरकी, फिरवून क्लिकचा आवाज ऐकवला. मी यूपीआयनं १०,००० आगाऊ दिले. कुरिअरच्या पावतीचा फोटो आल्यावर उरलेले २८,५०० एनईएफटीनं. खातं कंपनीच्या नव्हे, एका व्यक्तीच्या नावावर होतं. विचारलं, तर म्हणाला चालू खातं ऑडिटमध्ये अडकलंय. मला, ऑडिटवाल्याला, ते ऐकून त्याची कीवच आली.

आता त्या संध्याकाळबद्दल. पार्सल आलं, मी जेवणाच्या टेबलावर उघडलं. फोम कापून केलेली जागा, भिंगावर रबरी झाकणं, अंगावर कोरलेलं नाव. मी बोट फिरवून कोरीवपणा बघत होतो. बायको खोका उलटापालटा करत होती. म्हणाली, "अहो, यावर किंमत कुठंच नाही. बिस्किटाच्या पुड्यावर असते." मी म्हणालो, "परदेशी माल आहे, तुला नाही कळायचं."

हे वाक्य मला रोज रात्री ऐकू येतं. भारतात विकायला आणलेल्या पॅकबंद परदेशी मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, कोणत्या देशात बनला, एमआरपी आणि तक्रारीसाठीचा संपर्क हे सगळं छापलेलं असावंच लागतं. २०११ चे वजनमापाचे पॅकबंद वस्तूंचे नियम आहेत, मला ते तोंडपाठ आहेत. एका गोदामाच्या तपासणीत याच कारणावरून मी शेरा मारला होता! आणि घरच्या टेबलावर कोरा खोका पडलेला, तो मला दिसला नाही. बिलाचंही तेच. पत्ता मुंबईचा आणि जीएसटी नंबर ०७ पासून सुरू होणारा. ०७ म्हणजे दिल्ली, महाराष्ट्राचा नंबर २७ पासून सुरू होतो. वर सीजीएसटी आणि एसजीएसटी लावलेला, म्हणजे विक्री राज्यातल्या राज्यात. दिल्लीचा नंबर आणि महाराष्ट्राचा कर एकाच कागदावर! आमच्याकडे आलेल्या नव्या पोरानं हे एका मिनिटात पकडलं असतं. मी ते बिल जपून प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवलं. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकला की मालकाचं नाव फुकट दिसतं. टाकला नाही. नंतर टाकला, तर तो नंबर कुणा कापडवाल्याचा निघाला.

पहिले दोन रविवार बरे गेले. साधारण ३०० छर्ऱ्यांनंतर झिरो, म्हणजे नेम धरला तिथेच छर्रा पडायची जुळणी, हलायला लागला. सकाळी मध्यावर, दहा वाजता दोन बोटं डावीकडे. आधी मी स्वतःलाच दोष दिला. मग स्कोप रायफलला धरून ठेवणाऱ्या माउंटला, नवे घेतले ३,२०० चे. मग छर्ऱ्यांना, दुसऱ्या वजनाचे आणले १,१५० चे. २४ पटीवर चित्र अंधारं का दिसतं म्हणून त्या माणसाला फोन केला, तर म्हणाला, "सर, ५० भागिले २४, दोन मिलिमीटरचाच प्रकाश डोळ्यात येणार. फिजिक्स आहे." आणि हे अगदी बरोबर आहे! अस्सल स्कोपलाही हेच गणित लागू. खोटा माल खऱ्या माहितीत गुंडाळून देत होता, म्हणून मी दीड महिना त्याच्याशी आदरानं बोलत राहिलो.

शेवटी चौकोनाची चाचणी केली. नवा स्कोप घेतला की पहिल्याच दिवशी करा, माझ्यासारखे थांबू नका. रायफल पक्की टेकवून एक छर्रा मारायचा. मग २० क्लिक उजवीकडे, २० वर, २० डावीकडे, २० खाली, प्रत्येक कोपऱ्यावर नेम तोच ठेवून मारायचं. ०.१ मिलचा (मिल हे कोनाचं माप) क्लिक २५ मीटरवर अडीच मिलिमीटर हलवतो, म्हणजे २० क्लिकला पाच सेंटिमीटर. शेवटचा छर्रा पहिल्या भोकात किंवा त्याला चिकटून पडला पाहिजे. माझा उजवीकडे ३.८ गेला, वर ४.४, आणि परत आला तो मूळ भोकापासून दोन सेंटिमीटर लांब. तो कागद फोटो काढून पाठवला. उत्तर आलं, "कंपनीला पाठवा सर, लाइफटाइम आहे." त्यानंतर त्याचा डीपी दिसायचा बंद झाला.

पुढचं तुम्ही ओळखलं असेलच. इंटरनेटवर कंपनीचं 'सर्व्हिस सेंटर' शोधलं, सगळ्यात वर आलेला नंबर लावला. तपासणी फी १,१८०. स्कोप त्यांना पाठवायला कुरिअरचे माझ्या खिशातून ७२०. मग "पार्ट बाहेरून मागवलाय, कस्टम्स ६,८५०". तेही भरले. मग ९,४०० अनामत, परत मिळणारी. तिथे मी थांबलो, पण अक्कल आली म्हणून नव्हे, त्या दिवशी खात्यात तेवढे नव्हते म्हणून. त्या माणसानं इतक्या फोनांत एकदाही सिरियल नंबर विचारला नाही. खरी कंपनी तो सगळ्यात आधी विचारते. मूळ कंपनीला मी नंतर ईमेल केला. दोन दिवसांत उत्तर आलं: हा सिरियल नंबर आमच्या एका दुर्बिणीचा आहे, हा स्कोप आमचा नाही, आणि तुम्ही दिलेला फोन नंबरही आमचा नाही. हा ईमेल पैसे देण्याआधी पाठवला असता, तर हे सगळं फुकटात आणि दोन दिवसांत कळलं असतं.

आणि मग सुरू झाली खरी वणवण. पोलीस ठाण्यात अंमलदारानं पहिला प्रश्न विचारला, "बंदुकीचं लायसन्स दाखवा." मी सांगितलं, ४.५ मिलिमीटर बोअर आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलला लायसन्स लागत नाही, शस्त्र नियम २०१६. म्हणाले, "ते आम्हाला शिकवू नका. रायफलचं बिल आणा." दुसऱ्या दिवशी बिल नेलं, तर साहेब बंदोबस्तात. तिसऱ्या दिवशी अडीच तास बाकावर. फसलेला मी, आणि चौकशी माझ्याच रायफलची! अर्जात 'स्कोप' लिहायला ते तयार होईनात, शेवटी 'बंदुकीची दुर्बीण' असं लिहिलं गेलं. वर पहिला भाग दिवाणी स्वरूपाचा आहे, माल तर मिळाला ना तुम्हाला, आणि दुसरा भाग सायबरचा, तो तिकडे द्या. तिकडे म्हणाले, फार उशीर केलात, पैसे लगेच पुढच्या खात्यांत गेलेत. हे मात्र खरं होतं. पैसे गेल्याचं कळल्या मिनिटाला सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करा, पोलीस ठाण्याची वाट धरण्याच्या आधी. मी लाजेपायी अकरा दिवस घालवले.

बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार तुमच्या संमतीचा. कुरिअरवाले म्हणाले, पार्सल घेणाऱ्यानं ओटीपी दिला, म्हणजे पोचलं. कुणी घेतलं ते सांगता येत नाही, गोपनीयता. माझं पार्सल, माझे ७२० रुपये, आणि गोपनीयता चोराची! ग्राहकांच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदली, चौथ्या आठवड्यात 'विक्रेत्याकडून प्रतिसाद नाही' असा शेरा मारून बंद केली. प्रतिसाद देणारा असता तर मी तक्रार कशाला केली असती?

मग जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही आणि तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, एवढं चांगलं आहे. कायद्यात निकालाची मुदतही आहे: तीन महिने, माल प्रयोगशाळेत तपासायचा असेल तर पाच. पण तपासायला माल कुठंय? तो मी स्वतःच्या हातानं, स्वतःच्या खर्चानं चोराला पाठवला. उरलाय तो भोकं पडलेला कागद, कोरा खोका आणि दोन राज्यांचं बिल. बिलावरच्या पत्त्यावर नोटीस गेली आणि 'पत्ता अपूर्ण' म्हणून परत आली. आता नवा पत्ता मीच शोधून आणायचा. पुढची तारीख अडीच महिन्यांनी. माल संशयास्पद वाटला तर हातातून सोडू नका, सोडावाच लागला तर आधी सगळ्या बाजूंनी फोटो, सिरियल नंबर आणि चाचणीचा व्हिडिओ काढून ठेवा. माझ्याकडे सिरियल नंबरचा फोटो आहे, तोही बायकोनं काढलेला.

खोका तिनं टाकू दिला नाही. पुरावा आहे म्हणते. त्यात सध्या सुईदोरा ठेवलाय.

परवा ग्रुपवर नव्या नंबरवरून एक फोटो आला. तोच स्कोप, खाली तेच ओरखडे पडलेलं लाकडी टेबल. लाइफटाइम वॉरंटी, बिलासह. मी ॲडमिनला लगेच कळवलं, त्यांनी अंगठा दाखवला, फोटो अजून तिथेच आहे. माझ्याकडून ३८,५०० घेतले होते. आता ३६,००० सांगतोय.