पात्याच्या आकारावर विसंबलो आणि दीडशे पौंड गेले

आमचे आबा साताऱ्याकडचे शेतकरी. त्यांच्या कोपरीच्या खिशात कायम एक घडीचा चाकू असायचा, रॉजर्स या विलायती कंपनीचा. ऊस तासायला, आंबा चिरायला, कासरा कापायला तोच. आबा गेले आणि तो चाकूही कुठे गेला, घरात कुणालाच सांगता येईना. नोकरीमुळे मी सध्या इंग्लंडमध्ये शेफील्डजवळ राहतो. ज्या गावात ते चाकू घडले, तिथे तसा एक मिळवायचाच हे मनात घेतलं होतं. जुने चाकू घ्यायचा विचार असेल तर पुढचं नीट वाचा, कारण माझी फसवणूक नेमकी या ओढीमुळे झाली.

जुन्या वस्तूंच्या एका बाजारात विक्रेत्याने दोन पात्यांचा चाकू हातात दिला. मोठ्या पात्याची धार सरळसोट, पाठ मात्र हळूहळू टोकाकडे उतरलेली. तो म्हणाला, "हा वॉर्नक्लिफ आकार. रॉजर्सनेच काढलेला. आकार ओळखला की कारागीर ओळखला, शिक्का बघायलाही नको." मग मुठीवर अंगठा फिरवत म्हणाला, "हे सांबरशिंग तुमच्याच देशातून आलेलं." पूर्वी शेफील्डला मुठींसाठी सांबरशिंग आपल्याकडून जायचं हे खरंच आहे. मी विरघळलो. दीडशे पौंड रोख मोजले, पावतीही मागितली नाही.

त्याचं निम्मं बोलणं खरं होतं, म्हणून तर ते पटलं. लॉर्ड वॉर्नक्लिफ यांच्या सांगण्यावरून एकोणिसाव्या शतकात रॉजर्सने हा आकार घडवला, असं शेफील्डमध्ये सांगतात. पण तो लोकांना आवडला आणि गावातल्या इतर कारखान्यांनी उचलला, पुढे जर्मनीत झोलिंगेनला आणि अमेरिकेतही तो निघू लागला. भाल्याच्या टोकासारखं पातं, मेंढीच्या खुरासारखं बोथट नाकाचं पातं, त्यांचंही तेच. आकारावरून चाकू कुठल्या कामाचा हे कळतं, कुणी घडवला हे नाही. त्यासाठी पात्याच्या बुडाशी, जिथे ते मुठीत शिरतं तिथला शिक्का पाहावा लागतो. शेफील्डमध्ये कारागिरांची संस्था 1624 पासून आहे आणि हे शिक्के तिच्याकडे नोंदवले जात. रॉजर्सचा शिक्का चांदणी आणि माल्टीज क्रॉसचा, वोस्टनहोम या गावातल्याच दुसऱ्या कारखान्याचा 'आय एक्स एल' अक्षरांचा. रॉजर्सच्या पात्यावर मुकुटाच्या दोन बाजूंना व्ही आणि आर असेल, तर तो व्हिक्टोरिया राणीच्या काळाचा, म्हणजे 1837 ते 1901 मधला दावा. अर्थात शिक्का खरा असेल तरच.

माझ्या चाकूवर चांदणी होती. पुढच्या रविवारी केलहॅम आयलंडच्या संग्रहालयात शेफील्डचे जुने चाकू काचेआड तासभर पाहिले, घरी येऊन भिंगाखाली माझा धरला आणि पोटात गोळा आला. पात्यावर गंजाने पडलेले बारीक खड्डे होते, पण चांदणीच्या कडा कोऱ्या करकरीत. जुना शिक्का ठोकलेला असतो. गंज चढला की पोलादासोबत तोही खाल्ला जातो. इथे चांदणीची रेघ गंजाच्या खड्ड्यावरून सरळ पार गेली होती. म्हणजे गंज आधीचा, शिक्का नंतरचा.

मग आकाराकडे वळलो. पातं उघडायला नख अडकवायची खाच असते ना, ती पाठीपासून जरा खाली असते. माझ्या पात्यावर तिची वरची कड जवळजवळ पाठीलाच भिडलेली. चाकू मिटला तर पात्याचं टोक खोबणीच्या शेवटापासून पाऊण इंच अलीकडेच थांबत होतं. टोक मोडलेलं एक साधं पातं घेऊन त्याची पाठ घासून उतरती केली होती. तो वॉर्नक्लिफ आकार ग्राइंडरवर जन्मला होता.

पुढच्या बाजाराला परत गेलो, तर तो विक्रेता नव्हता. शेजारच्या टेबलवाल्याने खांदे उडवले. पैसे गेले ते गेलेच. खऱ्या शिक्क्याचाही पूर्ण भरवसा धरू नका, कारण रॉजर्सच्या नावाचे नवे चाकू आजही निघतात आणि व्हिनेगरमध्ये बुडवून पोलाद जुनाट दाखवणं अवघड नाही.

हे सगळं फोनवर आईला सांगितलं. ती म्हणाली, "आबा दर आठवड्याला पातं दगडावर लावायचे. शेवटी शेवटी बोटाएवढं बारीक झालं होतं, पण धारेकडून रे. पाठ होती तशीच होती."