शेततळ्यावरची पक्षीजाळी: तंगूस नको, जाड दोऱ्याचीच घ्या

शेततळ्यात बोटुकली (माशांची बोटाएवढी पिल्लं) सोडली की पाणकावळे, ढोकरी, खंड्या हजर होतातच. जायकवाडीच्या पट्ट्यात जरा जास्तच. मराठवाड्यातल्या शेतीसाहित्याच्या दुकानांत त्यावर मुख्यतः दोन जाळ्या मिळतात. एक तंगूसाची, म्हणजे एकेरी नायलॉन दोऱ्याची: पारदर्शक, हलकी, स्वस्त. दुसरी जाड पीळदार एचडीपीई (एक मजबूत प्लास्टिक) दोऱ्याची, पांढरी. मासे दोन्हींनी वाचतात, पक्षी मात्र दुसरीनेच.

तंगूस पहाटेच्या उजेडात पक्ष्याला दिसतच नाही. सूर मारताना पंख अडकतो आणि धडपडीत दोरा मांसापर्यंत रुततो. ही जाळी तळ्यावर लावण्यासाठी विकूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

जाड जाळी महाग पडते आणि तिची खरी परीक्षा बांधणीत होते. 30 × 30 मीटरच्या तळ्याला खांब प्लास्टिक अस्तराच्या बाहेर, बांधावर काँक्रीटमध्ये रोवा. जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) तारा दोन्ही दिशांनी ओढा, प्रत्येक तारेला टर्नबकल (तार ताणायचा स्क्रू) लावा. तळं काठोकाठ भरल्यावरही पाणी आणि जाळीत किमान एक मीटर अंतर हवं. झोळ पडला की पाणकावळा वर बसून खालचा मासा टिपतो आणि सैल आसात (जाळीच्या घरात) त्याचा पाय गुंततो. हाताने दाबून सोडली की जाळी लगेच सरळ झाली पाहिजे. अवकाळी वादळानंतर ताण पुन्हा तपासावाच लागतो. दोन पट्टे जोडताना एकही आस न सोडता शिवा. फटीतून आत शिरलेल्या पक्ष्याला बाहेरची वाट सापडत नाही. कडेला दोरी ओवलेली नसेल तर तो गठ्ठा घेऊ नका, ताण दिल्यावर कडेचे आस फाटतात.

बाजूची जाळी जमिनीवर लोळती ठेवली तर धामण, दिवड अडकून उन्हात मरतात. म्हणून खालचे दोन फूट घट्ट विणीची शेडनेट ताणून तिची कड मातीत गाडा.

जाळीसोबत कुणी देत नाही अशी एक गोष्ट म्हणजे बाहेर पडायची वाट. तळ्याच्या 500 मायक्रॉन जाडीच्या प्लास्टिक अस्तरावर मुंगूस, साप, कासव कुणालाच चढता येत नाही. चारही कोपऱ्यांत काठापासून तळापर्यंत गाठी मारलेला काथ्याचा जाड दोर किंवा काथ्याची चटई सोडा आणि रोज सकाळी फेरी मारून काठावर आलेल्या जनावराला बाजूच्या जाळीचं दार उघडून द्या.

पक्षी अडकलाच तर ओढू नका. डोक्यावर कापड टाका, दोरा कात्रीने कापा. जखम असेल तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.