खाजनाची उंची मोजायला काय घ्यावं: ऑटो लेव्हल, आरटीके, ड्रोन की आर-सेट?

गोव्यातल्या चोडण, दिवाडी, नेरूल किंवा साळ नदीकाठच्या एखाद्या गावाने, कॉलेजने किंवा शेतकरी संघटनेने खाजनाची (बांध घालून भरतीपासून राखलेल्या सखल शेतजमिनीची) आणि बांधाबाहेरच्या खारफुटीची उंची मोजायचं मनावर घेतलं की पहिला प्रश्न येतो तो यंत्राचा. कुठला जीपीएस चांगला? ड्रोन परवडेल का? त्याआधी नेमकं काय जाणून घ्यायचंय ते ठरवा. आज आपली जमीन उधाणाच्या भरतीपेक्षा किती खाली आहे, हा एक प्रश्न. समुद्र ज्या वेगाने चढतोय त्या वेगाने जमीन चढतेय का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर सेंटिमीटरात भागतं. दुसऱ्याचं मिलिमीटरातच द्यावं लागतं, आणि त्याला वर्षं लागतात.

हिशोब साधा आहे. २००६ ते २०१८ या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी वर्षाला सुमारे ३.७ मिमीने चढली. उत्तर हिंदी महासागरात १९९३ ते २०१५ या काळात हा वेग ३.३ मिमीच्या आसपास होता. चांगल्या आरटीके यंत्राने, म्हणजे स्थिर ‘बेस’ यंत्राकडून दुरुस्त्या घेणाऱ्या अचूक जीपीएसने, एका बिंदूची उंची काढताना २ सेंमी चूक धरावी. दोन वेगवेगळ्या वर्षांच्या मोजण्यांची वजाबाकी केली की ती चूक २.८ सेंमी होते. ३.७ मिमीने २.८ सेंमी गाठायला साडेसात वर्षं लागतात, आणि तेव्हा कुठे बदल चुकीच्या बरोबरीला येतो. खात्रीने बोलायचं तर त्याच्या दुप्पट काळ. म्हणून ‘दरवर्षी आरटीके फिरवू, तीन वर्षांत कळेल’ या बेताचा प्रस्ताव समोर आला तर तो तसाच परत करावा. शंभर बिंदूंची सरासरी घेतली की चूक घटते, हे अर्धंच खरं. दर बिंदूची आपली अशी चूक घटते. बेसची उंची किंवा अँटेनाची उंची चुकली असेल तर ती शंभरही बिंदूंत सारखीच बसलेली असते.

ऑटो लेव्हल

हजारांत मिळणारं, बांधकामावर रोज वापरात असलेलं हे तिपाईवरच्या दुर्बिणीचं यंत्र खाजनात अजून सर्वांत भरवशाचं आहे. खाजन सपाट असतं, बांधावरून शेत उघडं दिसतं आणि उंची माहीत असलेली पक्की खूण बहुधा किलोमीटर-दीड किलोमीटरवर सापडते. समजा देवळाच्या जोत्यावरच्या खुणेचा आर.एल. (समुद्रसपाटीपासूनची उंची) ३.४१२ मीटर आहे. तिच्यावर स्टाफ (आकड्यांची उभी पट्टी) धरून बॅकसाइट, म्हणजे मागच्या खुणेवरचं वाचन, ०.८६५ आला, तर दृष्टिरेषा ४.२७७. पुढे शेतात स्टाफ ३.४९० वाचला, तर जमीन ०.७८७ मीटर.

आकडेमोड इतकीच. सगळी गोम तिपाईच्या पायांत आहे. वाचणारा आयपीसकडे झुकला, वजन एका बाजूला गेलं, की त्या बाजूचा पाय चिखलात दोन-तीन मिलिमीटर उतरतो. यंत्रातला कॉम्पेन्सेटर दृष्टिरेषा पुन्हा आडवी करतो, बुडबुडा जागेवर दिसतो, सगळं ठीक वाटतं. पण अख्खी रेषाच खाली आली हे त्याला कळत नाही. असे आठ-दहा सेटअप झाले की चूक एकाच दिशेने साचत जाते. उपाय दोन. शक्य तिथे यंत्र बांधावरच लावायचं. शेतात उतरावंच लागलं तर मीटरभर लांबीचे तीन खुंट पूर्ण ठोकून त्यांच्या डोक्यावर तिपाईचे पाय ठेवायचे आणि वाचणाऱ्याने फळीवर उभं राहायचं. फोरसाइट (पुढच्या बिंदूवरचं वाचन) घेतल्यावर बॅकसाइट पुन्हा एकदा वाचावा. २ मिमीहून जास्त फरक आला तर तो सेटअप रद्द.

स्टाफही बुडतो. त्याच्या तळाला १५ सेंमी व्यासाची सपाट चकती लावा आणि तिची जाडी हिशोबात धरा. वळणबिंदू (यंत्र पुढे हलवताना स्टाफ जिथे धरून ठेवतात ती जागा) मात्र चिखलावर कधीच नको. ठोकलेल्या खुंटाचा खिळा किंवा मानशीचा (बांधातल्या पाण्याच्या दरवाजाचा) चिरा घ्यावा. बॅकसाइट आणि फोरसाइटचं अंतर सारखं, ४० मीटरच्या आत. सकाळी निघण्यापूर्वी टू-पेग टेस्ट, म्हणजे दृष्टिरेषा खरंच आडवी आहे का ते दोन खुंटांवर तपासणं. मिठागरांच्या बाजूला मार्च-एप्रिलमध्ये दहानंतर हवा अशी थरथरते की स्टाफवरचे आकडे नाचतात, तेव्हा काम उजाडताच सुरू करून आटपावं. फेरी मूळ खुणेवर परत बंद करायची. परवानगीची चूक १२ गुणिले किलोमीटरचं वर्गमूळ, इतके मिलिमीटर. १.६ किमीच्या फेरीला सुमारे १५ मिमी. नीट केलं तर याच्या निम्म्यात बसतं.

तिवरांच्या आत ऑटो लेव्हल अडतं, कारण दहा मीटरपुढे फांद्या आड येतात आणि त्या तोडायचा अधिकार आपल्याला नाही. तिथे गवंड्याची पाण्याची नळी वापरायला लाजू नये. पंधरा मीटरची पारदर्शक नळी काही मिलिमीटरांत पातळी देते. चूक होते ती नळीत हवेचा फुगा अडकल्यामुळे किंवा अर्धी नळी उन्हात तापल्यामुळे. पाणी आदल्या रात्री भरून ठेवा आणि मोजण्याआधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी समान येतं का ते पाहा.

आरटीके

इथे पैसे लाखांत जातात. मोबदल्यात वेग मिळतो. ऑटो लेव्हलने दिवसाला साठ-सत्तर बिंदू होतात, आरटीकेने दोघं मिळून तीन-चारशे घेतात. खुल्या खाजनाचा नकाशा करायचा, बांधाची लांबच लांब माथारेषा काढायची, कुठे बांध खचलाय ते शोधायचं, तर आरटीकेला पर्याय नाही. बेस सड्यावरच्या जांभ्या दगडावर लावावा. स्वतःचा बेस नसेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कॉर्स या कायम चालू असलेल्या बेस-केंद्रांच्या जाळ्यावरून इंटरनेटने दुरुस्त्या घेता येतात, फक्त नदीकाठच्या त्या कोपऱ्यात मोबाइलला रेंज आहे का ते आधी जाऊन पाहावं.

यंत्र पहिल्यांदा हातात घेणारे हमखास दचकतात ते उणे आकड्याने. समुद्रकाठी उभं राहून उंची शून्याच्या कित्येक दहा मीटर खाली दिसते. यंत्र बिघडलेलं नसतं. उपग्रहाची उंची एलिप्सॉइडपासून (पृथ्वीच्या गुळगुळीत गणिती आकारापासून) मोजलेली असते, आणि भारताच्या या भागात समुद्रसपाटीचा जिऑइड त्याच्या बराच खाली आहे. जिऑइड मॉडेल लावलं की आकडा सुधारतो, पण मॉडेलचीही स्थानिक चूक असतेच. म्हणून लेव्हलिंगने उंची काढलेल्या किमान तीन खुणांवर आरटीके ठेवून फरक तपासा. तो तिन्हीकडे सारखा आला तर तेवढी दुरुस्ती करा. तिन्हीकडे वेगवेगळा आला तर दोष बहुधा एखाद्या खुणेतच असतो. खाजनातून भराव घालून काढलेल्या रस्त्याच्या मोऱ्या दरवर्षी थोड्या थोड्या खचतात. त्यांच्यावरची खूण कितीही सुबक रंगवलेली असली तरी ती घेऊ नये.

कांदळाच्या छताखाली ‘फिक्स्ड’ (यंत्राच्या मते अचूक जागा मिळाली) आलं म्हणून विश्वास ठेवू नका. पानांवरून आणि पाण्यावरून परतलेले सिग्नल खोटं फिक्सही देतात, आणि ते दहा-वीस सेंटिमीटरने चुकू शकतं. अशा बिंदूवर तीन मिनिटं थांबा, फिक्स तोडून पुन्हा घ्या, आणि तासाभराने परत येऊन तिसऱ्यांदा घ्या. फारच दाट असेल तर जवळच्या उघड्या जागेत आरटीकेने दोन खुंट बांधा आणि तिथून आत नळीने किंवा लेव्हलने जा. पोलच्या टोकाला इथेही चकती हवी. टोकदार पोल चिखलात किती गेला हे कुणालाच सांगता येत नाही.

ड्रोन आणि उपग्रहाचे फुकट नकाशे

फोटोवरून उंची काढणारा ड्रोन झाडाचा शेंडा मोजतो, जमीन नाही. कापणीनंतरच्या उघड्या खाजनात तो उत्तम, खारफुटीत निरुपयोगी. लेझरने मोजणारा लायडार थोडा आत शिरतो, तरी दाट गवतात आणि झुडपांत जमीन दहा-वीस सेंटिमीटर उंच दाखवतो. त्यातही दाबोळी आणि मोपा, असे दोन विमानतळ आणि नौदलाचा तळ या छोट्याशा राज्यात आहेत. आपलं गाव सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोन-नकाशावर लाल, म्हणजे परवानगीशिवाय उड्डाणबंदीच्या, पट्ट्यात येतं का ते यंत्र भाड्याने घेण्याआधी बघा. उपग्रहाचे ३० मीटर चौकटीचे फुकट नकाशे मीटरांनी चुकतात. उधाण आणि ओहोटी यांत दोन-सव्वादोन मीटरचाच फरक असलेल्या किनाऱ्यावर त्यांवरून ‘२०५० साली गाव बुडणार’ छापाचे नकाशे काढणं म्हणजे वजनकाट्याऐवजी डोळ्यांनी सोनं तोलणं.

आर-सेट

दुसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे जमीन चढतेय का याचं उत्तर देणारं साधन हेच: रॉड सरफेस एलिव्हेशन टेबल. त्यात उपग्रह नाही, बॅटरी नाही. सुमारे १५ मिमी जाडीच्या, १.२ मीटर लांबीच्या स्टीलच्या सळया एकमेकींना जोडत चिखलात ठोकत न्यायच्या, पुढे जाईनाशा होईपर्यंत. दहा मीटर, पंधरा मीटर, जिथे कठीण थर लागेल तिथवर. डोकं सिमेंटच्या नळकांड्यात पक्कं करायचं. मोजताना त्यावर एक आडवा हात बसवतात, त्यात नऊ पिना. हात चार ठरलेल्या दिशांना फिरवायचा, म्हणजे ३६ वाचनं. पीन हळूच सोडायची आणि हाताच्या वर ती किती उरली ते मिलिमीटर पट्टीने वाचायचं.

ऐकायला सोपं. प्रत्यक्षात गोव्याचा चिखल पेजेसारखा, पीन टेकली कधी आणि रुतली कधी यातली सीमा पुसट. वाचणाऱ्याने डोळे चिखलाच्या पातळीपर्यंत खाली आणून टोक पृष्ठभागाला शिवलं की हात काढायचा. एका ठाण्यावर शक्यतो दरवेळी तीच व्यक्ती. पीन कुर्लीच्या बिळात गेली किंवा तिवराच्या श्वासमुळावर बसली तर वाचन टाकून द्यायचं नाही, तशी नोंद करायची. पुढल्या वेळी तिथेच बीळ बुजलेलं असतं आणि नोंद नसेल तर जमीन एकदम ८ सेंमी ‘वाढते’. ठाण्याभोवती पाऊल पडता कामा नये. आधी बांबू-फळ्यांचा मचाण, मग सळया. हा क्रम उलटा झाला तर पहिल्या दिवशी तुडवलेला चिखलच वर्षभर मोजत बसाल.

शेजारी ५० सेंमी चौकोनात फेल्डस्पार या खनिजाची पांढरी पूड सेंटिमीटरभर जाडीने पसरतात. वर्षभराने छोटा गाभा (मातीचा उभा नमुना) काढला की पांढऱ्या रेघेवर किती गाळ साचला ते दिसतं. गाळ ६ मिमी साचला आणि आर-सेटने जमीन २ मिमीच चढलेली दाखवली, तर ४ मिमी वरचा थर दबला किंवा मुळं कुजून बसला. हा भेद दुसरं कुठलंच यंत्र दाखवत नाही. पातळ चिखलाचा गाभा गोठवून काढावा लागतो. द्रव नायट्रोजनसाठी प्रयोगशाळेआधी पशुवैद्यकीय कृत्रिम रेतन केंद्रात विचारा, तिथे तो नियमित लागतो. कुर्ल्या जास्त असतील तर पूड दोन पावसाळ्यांत मिसळून जाते, म्हणून एका ठाण्याला तीन चौकोन.

मर्यादाही आहेत. सळईच्या खालची जमीन खचली तर आर-सेटला कळत नाही. शिवाय तो फक्त बदल सांगतो, समुद्रसपाटीपासूनची उंची नाही. त्यासाठी सळईच्या डोक्यापर्यंत ऑटो लेव्हलची फेरी आणावीच लागते. आणि तीन वर्षांच्या आत आलेल्या आकड्यावर कुणी भाषण करू नये.

भरतीशी सांगड

कुठलंही यंत्र घ्या, इथे घोळ होतोच. मुरगावच्या भरतीच्या तक्त्यातले आकडे चार्ट डेटमपासूनचे (सागरी नकाशाच्या शून्यापासूनचे) असतात, आणि तो मध्यम समुद्रसपाटीच्या मीटरहून जास्त खाली आहे. तक्त्यातली २.२ मीटरची भरती आणि लेव्हलने काढलेली ०.७८७ मीटरची जमीन यांची थेट वजाबाकी केली तर खाजन आहे त्याहून मीटरभर खोल बुडवाल. शिवाय मांडवीत भरती सुमारे ५० किमी आत गांजेपर्यंत जाते, वाटेत तिची वेळ आणि उंची बदलते. मांडवी आणि झुआरीला जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्याला तर दोन्हीकडून पाणी येतं. मानशीच्या बाहेरच्या भिंतीवर स्वतःची पट्टी बसवा, तिचा शून्य लेव्हलने बांधा. पाण्याचा दाब नोंदणारा प्रेशर लॉगर लावलात तर हवेच्या दाबाची वजावट विसरू नका, एक मिलिबार म्हणजे जवळजवळ एक सेंमी पाणी. (त्या कालव्यात मगरी आहेत. संध्याकाळी एकट्याने पट्टी वाचायला उतरू नये.)

मग घ्यावं काय?

कूळ संघटनेला बांध किती उंच करायचा एवढंच ठरवायचं असेल तर ऑटो लेव्हल आणि मानशीवरची पट्टी पुरे, बाकी खर्च वाया. पंचायतीला अख्ख्या खाजनाचा नकाशा हवा असेल तर आरटीके चार दिवस भाड्याने घ्या आणि सोबत लेव्हलने बांधलेल्या तीन खुणा. कॉलेजला किंवा संशोधन गटाला समुद्राशी शर्यत पाहायची असेल तर आर-सेट. एकच ठाणं मात्र नको. बांधाबाहेर तीन आणि बांधाच्या आत तीन. बाहेर भरती रोज गाळ आणून टाकते, आत मानस तो अडवते, आणि गोव्यातला खरा प्रश्न या दोन्हींच्या फरकातच दडलेला आहे. आर-सेटच्या हाताला खर्च येतो, पण एकच हात सगळ्या ठाण्यांवर चालतो. सळया आणि सिमेंट तर लोखंडाच्या दुकानातल्या हिशोबात बसतं.

मोजणीचा महिना एकदा ठरला की बदलायचा नाही. आत शेतात सरदचं (पावसाळी) भात कापल्यावर, वायंगण (हिवाळी पीक) लावण्याआधी जमीन उघडी आणि ओलसर असते. मे महिन्यात तीच सुकून भेगाळते आणि काही मिलिमीटर आकसते. नोव्हेंबरची मोजणी पुढच्या वर्षी मेमध्ये केली तर ती आकस समुद्राच्या खात्यात जमा होते. दिवस भांगाचा (उधाणाच्या उलट, कमी चढ-उताराच्या भरतीचा), ओहोटीचा, सकाळचा. सांतिनेजपासून शापोऱ्यापर्यंत खारफुटीत सळई ठोकण्याआधी वन खात्याची लेखी परवानगी, आणि कोमुनिदादच्या (गावच्या सामाईक जमीन-संस्थेच्या) जमिनीत तिचीही. सळईच्या डोक्यावर टोपण घालून ते रंगवू नका. चकाकणारं काहीही गळ टाकायला येणाऱ्यांना ओढून काढावंसं वाटतं. मातकट टोपण, शेजारी साधा खुंट, आणि वहीत तीन झाडांपासूनची अंतरं.