ओढ्याचा पूर अडवायचा तर सिमेंट बांध, गॅबियन, कोल्हापुरी की कोरडा बांध?

ओढ्याचं पाणी दर दोन-तीन पावसाळ्यांनी खालच्या आळीत शिरतं, ग्रामसभेत ‘वर एक बंधारा बांधा’ असा ठराव होतो आणि मंजूर होऊन येतो तो बहुधा सिमेंट नाला बांध. त्याचं अंदाजपत्रक तयार असतं, गुत्तेदाराच्या हातात तेच काम बसलेलं असतं. पण पुराच्या वेळी कामाला येते ती बंधाऱ्यातली रिकामी जागा, आणि नाला बांध पहिल्या दोन-चार मोठ्या सरींतच तुडुंब झालेला असतो.

हिशेब साधा आहे. ओढ्याचं पाणलोट १०० हेक्टर धरा. तासाभरात ६० मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातला निम्मा वाहून आला, तर ३०,००० घनमीटर पाणी येतं; सेकंदाला सरासरी आठ घनमीटरच्या वर. नाला बांधाचा साठा ५ टीसीएम, म्हणजे ५,००० घनमीटर असला, तर तो अगदी रिकामा असतानासुद्धा दहा मिनिटांत भरतो. आधीच भरलेला असेल तर पूर त्याच्यावरून जसाच्या तसा खाली जातो.

सिमेंट नाला बांध. विहिरींना पाणी हवं असेल तर हाच घ्या. पुरासाठी त्याचा उपयोग जवळपास शून्य. बिघडतो तो दोन जागी: तळाची पडदी, म्हणजे पायाखाली उतरवलेली भिंत, कठीण मुरमापर्यंत नेली नाही तर पाणी खालून वाट काढतं, आणि पंखभिंती, म्हणजे बांधाच्या दोन टोकांच्या भिंती, काठात आखूड घुसवल्या तर पहिल्या मोठ्या पुरात ओढा बांधाला वळसा घालून काठच खातो. बांध शाबूत, शेजारचं शेत गेलं, असं दृश्य गावोगाव दिसतं.

गॅबियन. जाळीच्या पेट्यांत दगड. पाणी झिरपतं, वेग मोडतो, गाळ अडतो. डोंगरउतारावरच्या लहान ओहोळांना एकामागोमाग पाच-सहा घातले तर खालच्या रस्त्याच्या मोरीत दगडगोट्यांचा मारा कमी होतो, आणि मोरी तुंबणं हेच अनेक गावांतल्या पुराचं खरं कारण असतं. दगड जाळीच्या भोकापेक्षा मोठे, १५ ते ३० सेंटिमीटरचे हवेत. पेटी भरताना दर एक-तृतीयांश उंचीला समोरासमोरच्या जाळ्या तारेनं आतून बांधाव्या लागतात. हे काम वाचवलं की पेटीचं पोट सुटतं. गाळानं भरला की गॅबियनमध्ये पाणी साठायला जागा उरत नाही.

कोल्हापुरी बंधारा. हा पुरासाठी कधीच नव्हता. पावसाळा सरताना बरगे, म्हणजे दारांच्या फळ्या, घालायचे, पावसाळ्याआधी काढायचे, हे त्याचं वेळापत्रक. बरगे अडकून राहिले तर उलट पाण्याला फुगवटा येतो. पंचगंगेच्या पुरात राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका मानतात. तिथे बंधारा पाण्याची पातळी मोजायचं ठिकाण आहे, पूर अडवणारा नव्हे.

कोरडा बांध. मातीचा बांध, तळाशी दरवाजा नसलेला उघडा पाइप, वर जादा पाणी जाऊ देणारा सांडवा. एरवी ओढा पाइपातून वाहत राहतो. पाऊस कोसळला की पाइपात मावेल तेवढंच पाणी खाली जातं, बाकीचं मागे तुंबतं. अमेरिकेत ओहायोमधल्या मायामी नदीच्या खोऱ्यात १९१३च्या महापुरानंतर याच तत्त्वावर पाच मोठी धरणं बांधली. दरवाजे नाहीत, त्यामुळे रात्री दोन वाजता कुणाला उठवावं लागत नाही.

वरच्याच ओढ्यावर ६०० मिलिमीटरचा पाइप टाकला आणि मागे तीन मीटर पाणी चढलं, तर खाली सेकंदाला सव्वा घनमीटरच्या आसपास सुटतं. आठाचं सव्वा झालं. त्यासाठी मागे साधारण २७,००० घनमीटर मावेल एवढी, दोन-अडीच हेक्टर पसरट जागा लागते आणि ती रिकामी व्हायला नऊ-दहा तास जातात. या दोन-अडीच हेक्टरांवरच बहुतेक योजना अडतात. जमीन कायमची बुडत नाही, भात किंवा गवत टिकतं. पण सोयाबीन, भाजीपाला गेलाच म्हणा. नुकसानभरपाई कुणी द्यायची हे आधी कागदावर घ्या.

खर्च सांडव्यात कापू नका. रिकामं व्हायच्या आत दुसरी सर आली तर सगळा पूर सांडव्यावरून जायचा असतो. सेकंदाला १६ घनमीटर, म्हणजे सरासरीच्या सुमारे दुप्पट, सोडायचे आणि पाण्याचा थर ६० सेंटिमीटर ठेवायचा तर सांडवा २० मीटर लांब लागतो. त्यावर ९० सेंटिमीटर मोकळी उंची धरली की बांधाचा माथा तळापासून साडेचार मीटरवर जातो. माथ्यावरून पाणी गेलं की मातीचा बांध टिकत नाही.

दुसरी दुखरी जागा पाइपाची बाजू. रोलर तिथे पोचत नाही, माती सैल राहते आणि पाणी पाइपाला धरून बाहेर येतं. तिथे पातळ थर देऊन हातानं धुम्मस करा, बाहेरच्या तोंडाकडे पाइपाभोवती वाळूचं गाळण घाला. हार्टिंगला, म्हणजे बांधाच्या गाभ्याला काळी माती, केसिंगला, म्हणजे बाहेरच्या आवरणाला मुरूम. दर थर पाणी मारून दाबायचा. आतल्या तोंडाला लोखंडी गजांचा तिरपा, मोठा पिंजरा हवा. सपाट जाळी लावली की उसाचं पाचट आणि प्लॅस्टिक तिला चिकटतं आणि कोरडा बांध नकळत तलाव होतो.

बांधाखालून गढूळ पाणी झिरपताना दिसलं तर वाट पाहत थांबू नये. पाण्याबरोबर माती निघते आहे असा त्याचा अर्थ. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९च्या रात्री फुटलं आणि भेंदवाडी वाहून गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधी केलेली होती. नंतर दोष बांध पोखरणाऱ्या खेकड्यांवर आला.

तेव्हा निवड अशी करा. आधी मोरी मोजा. दीड मीटरच्या मोरीतून आठ घनमीटर जाणार नाहीत, ती रुंद केल्यानं भागत असेल तर बांध नकोच. घरं खरोखर पाण्याच्या वाटेत असतील आणि वर अरुंद खिंड, तिच्यामागे पसरट जागा असेल, तर कोरडा बांध. डोंगर झिजून गोटे येत असतील तर आधी गॅबियन. उन्हाळ्यात टँकर लागत असेल तर नाला बांध, पण प्रस्तावात पूरनियंत्रण हा शब्द लिहू नका. एकाच बांधात दोन्ही हवं असेल तर पाइप तळापासून मीटरभर वर बसवा. पाइपाखालचं पाणी विहिरींचं, वरची जागा पुराची. मग पाइपाचं तोंड बंद करू द्यायचं नाही. ऑक्टोबर लागला की कुणीतरी गोणपाट कोंबतंच.