आयएसडीएन-फॉर-लिनक्स: काही महिन्यांच्या वापरानंतर

आयएसडीएन म्हणजे डिजिटल टेलिफोन लाइन, आणि आयएसडीएन-फॉर-लिनक्स ही त्या लाइनवरून फोन लावून लिनक्स मशिनला नेटवर्कशी जोडणारी प्रणाली. माझ्याकडे ६४ किलोबिटचे दोन बी चॅनल (आवाज किंवा डेटा वाहणारे) आणि १६ किलोबिटचा डी चॅनल (कॉल लावण्या-तोडण्याच्या संकेतांचा) असलेली बेसिक रेट लाइन, हायसॅक्स ड्रायव्हरवर चालणारं पॅसिव्ह कार्ड (बरंचसं काम संगणकावर सोडणारं), लिनक्सचा २.४ कर्नल. यावर काही महिने काम केल्यावर मत असं की प्रणाली भक्कम आहे, पण नेटवर्क इंटरफेस (लिनक्समधलं जोडणीचं नाव) म्हणजेच चॅनल असं धरून चाललात तर ती रोज छळते.

आयपीपीपी० नावाचा इंटरफेस ही खरं तर एक नोंद आहे: लावायचा नंबर, आपला एमएसएन (लाइनला मिळालेला फोन नंबर), एन्कॅप्सुलेशन (डेटा कुठल्या स्वरूपात गुंडाळायचा), किती सेकंद शांतता असली की फोन ठेवायचा. बी चॅनल कॉल लावताना मिळतो, कॉल तुटला की सुटतो. म्हणून पाच ठिकाणांसाठी पाच इंटरफेस खुशाल बनवा. एका वेळी दोनच चालतील, तिसऱ्यासाठी लॉगमध्ये 'नो चॅनल' येईल. आयएफकॉन्फिग (इंटरफेसची स्थिती दाखवणारा आदेश) 'अप' दाखवतं म्हणून लाइन लागलीये असं नाही. आयएसडीएनसीटीआरएल या मांडणीच्या आदेशातल्या 'बाइंड'ला 'एक्सक्लुझिव्ह' जोडून चॅनल राखून ठेवता येतो, पण त्यात अर्धी लाइन अडकते. माझ्या मते टाळाच. फ्रीबीएसडी या दुसऱ्या प्रणालीच्या आयएसडीएनडी प्रोग्राममध्येही हेच तत्त्व होतं: आयएसडीएनचॅनल उणे १ लिहिलं की कुठलाही मोकळा चॅनल चालायचा.

सिंकपीपीपी या एन्कॅप्सुलेशनसाठी इंटरफेसचं नाव आयपीपीपीनेच सुरू व्हायला हवं, नाहीतर एन्कॅप्सुलेशन लागतच नाही. १२८ किलोबिट हवे असतील तर 'ॲडस्लेव्ह'ने दुसरा इंटरफेस जोडा, एकाच आयपीपीपीडीला (पीपीपी जोडणी सांभाळणारा प्रोग्राम) दोन्ही डिव्हाइस आणि '+एमपी' द्या, कॉल लागल्यावर 'ॲडलिंक' चालवा. समोरच्या बाजूला मल्टिलिंक (दोन चॅनल एकत्र जोडायची सोय) नसेल तर यातलं काहीच उपयोगाचं नाही. आणि दोन्ही चॅनल गुंतले की येणाऱ्या फोनला बिझी टोन. 'रिमूव्हलिंक' दिलं की एक मोकळा.

खरा ताप आपोआप होणाऱ्या डायलिंगचा. 'डायलमोड ऑटो'वर इंटरफेसकडे वळलेलं कुठलंही पॅकेट कॉल लावतं: डीएनएसची (नावावरून पत्ता शोधायची) चौकशी, किंवा मागच्या कॉलमधल्या जुन्या आयपी पत्त्याचं अर्धवट टीसीपी कनेक्शन. दुसऱ्या प्रकारात पॅकेटला उत्तर येत नाही, ते पुन्हा जातं, आणि बिल वाढत राहतं. आयपी-डायनॅडर (बदलत्या आयपी पत्त्यासाठीची कर्नलमधली सोय) सुरू करा, 'हपटाइमआउट' (शांततेनंतर फोन ठेवायची मुदत) ६० सेकंदांच्या आसपास ठेवा, नवी मांडणी तपासताना 'डायलमोड मॅन्युअल'.

कॉल तुटल्यावर दिसणाऱ्या कारण-कोडचे शेवटचे दोन अंक हेक्सचे असतात: ११ म्हणजे समोरचा व्यस्त, २२ म्हणजे मोकळा मार्ग नाही. हे कळलं की निम्म्या तक्रारी लॉगमध्येच सुटतात.

नव्या मशिनवर मात्र हे मिळणार नाही. २०१९च्या ५.३ कर्नलमधून हा सगळा भाग काढला गेला, आणि एमआयएसडीएन ही दुसरी आयएसडीएन प्रणाली सॉकेट (प्रोग्रामने थेट वापरायचे जोड) देते, असे इंटरफेस नाही.