‘घर बंद’, ‘घेण्यास नकार’, ‘मिळाले’: वकिलाच्या कारकुनाचं पोस्टाबद्दलचं मत

आधीच सांगून टाकतो: पोस्टाला माझे पाचपैकी चार तारे. एक तारा का कापला ते पुढं येईलच.

मी सोलापुरात एका वकीलसाहेबांकडं कारकून आहे. नोटीस टाइप करायची, साहेबांची सही घ्यायची, पाकीट चिकटवून पोस्टात नोंदवायचं आणि ते पोचेपर्यंत त्याच्या मागं लागायचं, हे माझं काम. राखी उशिरा मिळाली तर बहीण-भाऊ दोन दिवस कुरकुरतात आणि विसरून जातात. आमच्याकडं पाकीट कधी पोचलं यावर केस उभी राहते, नाहीतर पडते. त्यामुळं पोस्ट जलद की हळू यावर कट्ट्यावर जी भांडणं होतात त्यात मी फारसा पडत नाही. मला बघायचं असतं ते एवढंच, की कुठल्या तारखेला पोचलं आणि ते कागदावर दाखवता येतं का.

सोलापूर म्हणजे सूत, टॉवेल, चादर आणि उधारी. उधारी आली की चेक आले, आणि चेक आले की त्यातले काही परत येणारच. चेक परत आल्याचं बँकेनं कळवलं की ३० दिवसांच्या आत नोटीस द्यायची. समोरच्याला ती मिळाली की पैसे भरायला त्याला १५ दिवस. नाही भरले तर पुढच्या महिन्याभरात फिर्याद दाखल करायची. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट, कलम १३८. सगळं गणित त्या मधल्या ‘मिळाली’च्या तारखेवर चालतं. आणि पक्षकार नेहमी अठ्ठाविसाव्या दिवशीच ऑफिसात उगवतो, चेक खिशात चार घड्या करून. ‘समोरचा देतो देतो म्हणत होता, साहेब.’

असल्या कामाला आम्ही वर्षानुवर्षं रजिस्टर एडी, म्हणजे घेणाऱ्याच्या सहीची पोच परत आणणारं रजिस्टर पोस्ट, वापरत आलो. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट वेगळं राहिलं नाही, ते स्पीड पोस्टात मिसळून टाकलं. ते झालं त्या आठवड्यात वकिलांच्या बार रूममध्ये जो गलका झाला तो विचारू नका. जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या कलम २७ मध्ये शब्द आहेत ‘रजिस्टर्ड पोस्ट’. पत्ता बरोबर असेल, टपालखर्च भरलेला असेल आणि रजिस्टरनं पाठवलं असेल, तर नेहमीच्या टपालाला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात ते पोचलं असं कायदा धरून चालतो. पोचलं नाही हे दाखवायची जबाबदारी मग समोरच्यावर. आता रजिस्टरच बंद म्हटल्यावर या कलमाचं काय, असं जो तो विचारत होता. प्रत्यक्षात रजिस्ट्रेशनची सोय गेलेली नाही, ती स्पीड पोस्टावर वरून पाच रुपये जास्त देऊन घ्यावी लागते. पाकीट मग ज्याच्या नावचं त्याच्याच किंवा त्यानं नेमलेल्या माणसाच्याच हातात द्यायचं. फक्त काउंटरवर ते आपण तोंडानं मागायचं असतं. गर्दीत मागं दहा माणसं उभी असतात, मॅडम भराभर नोंदवत जातात, आणि आपण गप्प बसलो तर साधं स्पीड पोस्ट होऊन जातं. पावती हातात आली की खिडकी सोडायच्या आधी ती वाचायची, हा माझा नियम.

पैशाचं म्हणाल तर महाग झालं, यात वाद नाही. पूर्वी रजिस्टर पंचवीस-सव्वीस रुपयांपासून जायचं. १ ऑक्टोबर २०२५ च्या नव्या दरानं ५० ग्रॅमपर्यंतचं स्पीड पोस्ट गावातल्या गावात १९ रुपये आणि गावाबाहेर देशात कुठंही ४७ रुपये. वर रजिस्ट्रेशनचे ५ आणि १८ टक्के जीएसटी. म्हणजे सोलापुराबाहेर एक नोटीस ६१ रुपये ३६ पैशांना पडते. एका फर्मचे चार भागीदार असले की चौघांना वेगळी आणि फर्मला वेगळी, असा आकडा फुगतो आणि पक्षकार माझ्याकडं असा बघतो की ते पैसे मीच खाल्ले. गावातल्या गावात मात्र १९ रुपये ही अजूनही फुकटासारखीच गोष्ट आहे. तेवढ्या पैशात रिक्षावाला आपल्याला सात रस्त्यापर्यंतही नेणार नाही.

आता वेग. शहरातल्या शहरात दुसऱ्या दिवशी. पुणे-मुंबईला दुसरा नाहीतर तिसरा दिवस, आणि मध्ये रविवार आला तर त्याचा एक धरायचा. हैदराबादही साधारण तसंच. मजा होते ती शेजारच्या गावांना. विजयपूर इथून शंभरेक किलोमीटर, सकाळी जाऊन दुपारच्या जेवणाला परत येता येतं. पण पत्र पुण्यापेक्षा उशिरा पोचलेलं मी पाहिलंय. टपाल नकाशावरच्या अंतरानं चालत नाही. थैली कुठल्या हबला, म्हणजे टपाल वेगळं करायच्या केंद्राला, जाते आणि तिथून कुठल्या गाडीत चढते, त्यानं चालतं. शिवाय विजयपूर कर्नाटकात, म्हणजे टपाल खात्याचं दुसरं सर्कल. ज्यांना हे ठाऊक नसतं ते ट्रॅकिंग उघडून ‘अहो हे उलटं कुठं चाललंय’ म्हणून फोन करतात. उलटं नाही, त्याचा रस्ताच तसा आहे.

ट्रॅकिंगबद्दल एवढंच, की पावतीवरचा तेरा खुणांचा नंबर जपून ठेवा आणि ‘आयटम डिलिव्हर्ड’ आलं की त्याच दिवशी प्रिंट काढा. वर्षभरानं केस सुनावणीला येते तेव्हा साइटवर काही दिसेलच असं नाही.

आता मला पोस्ट का आवडतं ते सांगतो. परत आलेलं पाकीट. इतरांना परत आलेलं पाकीट म्हणजे वैताग, आम्हाला पुरावा. मागच्या बाजूला पोस्टमननं बॉलपेननं तिरकं लिहिलेलं असतं: तारीख, खाली ‘घर बंद’, खाली सही. दुसऱ्या दिवशीची तारीख, पुन्हा ‘घर बंद, इंटिमेशन दिली’, म्हणजे पाकीट आल्याची चिठ्ठी ठेवली. मग सात दिवस ते पोस्टात पडून राहतं आणि शेवटी ‘अनक्लेम्ड’चा, म्हणजे कोणी न्यायला आलं नाही असा, शिक्का खाऊन माझ्या टेबलावर येतं. प्रत्येक शेऱ्याचा कोर्टात वेगळा अर्थ आहे. ‘घेण्यास नकार’ म्हणजे सोनंच; नाकारलं म्हणजे मिळालं, असंच धरतात. ‘अनक्लेम्ड’ही चालतं. ‘पत्ता अपुरा’ आला की मात्र बोंब, कारण तिथं चूक पाठवणाऱ्याची ठरते. ‘गाव सोडून गेले’ आलं की पक्षकाराला बोलावून नवा पत्ता शोधायला लावायचं. सुप्रीम कोर्टानं २००७ मध्ये सी. सी. अलवी हाजीच्या खटल्यात सांगून ठेवलंय, की बरोबर पत्त्यावर रजिस्टरनं पाठवलेली नोटीस पोचली असं गृहीत धरायचं, आणि मिळालीच नाही म्हणणाऱ्यानं समन्स हातात पडल्यापासून १५ दिवसांत पैसे भरून मोकळं व्हावं. हे सगळं त्या तिरक्या बॉलपेनच्या ओळींवर उभं आहे.

पोस्टाच्या जोडीला एकदा एका पक्षकाराच्या हट्टापायी नोटिशीची दुसरी प्रत खाजगी कुरिअरनं पाठवली होती. पोचली पोस्टाच्या आधी, हे खरं. पोच म्हणून काय आलं? मोबाइलवर काढलेला एका बंद शटरचा फोटो आणि खाली ‘रिसीव्ड बाय: सेल्फ’. शटरनं स्वतः सही केली असावी.

आमच्या भागातल्या पोस्टमनचं वेगळं सांगायला हवं. आता त्यांच्या हातात मोबाइल असतो, त्यावर बोटानं सही घेतात आणि पोचल्याची नोंद तिथल्या तिथं चढते. पण खरा भरवसा मोबाइलचा नाही, त्यांच्या डोक्यात असलेल्या माणसांच्या यादीचा. कोण सकाळी कारखान्यावर असतो, कोणाचं घर आता दुसऱ्या गल्लीत गेलंय, कोणाची आई फक्त तेलुगू बोलते, हे त्यांना पाठ असतं. पेठांमध्ये घर नंबर म्हणजे एकाच वाड्यात नऊ बिऱ्हाडं आणि त्यात एकाच नावाचे दोघं. ‘अण्णा, तुमचा तो माणूस दार उघडंना,’ असं मला रस्त्यात सांगणारेही तेच. ‘टीव्ही चालूय, आवाज येऊलालाय, पण दार उघडंना. मी आपलं घर बंद लिहिलंय.’ याच्यावर काय बोलणार!

खेड्यांकडं वळलो की कुरिअर आणि पोस्ट यांची तुलनाच संपते. कुरिअरवाला तालुक्याच्या गावी फोन करून ‘येऊन घेऊन जा’ म्हणतो. नोटिशीच्या बाबतीत समोरचा स्वतःच्या पायानं येऊन नोटीस घेऊन जाईल, ही अपेक्षा करायला काळीज लागतं. पोस्टाचं पाकीट आधी सब ऑफिसला, तिथून थैलीत शाखा डाकघराला, आणि तिथं चार-पाच तास काम करणारा ग्रामीण डाक सेवक ते सायकलवर नाहीतर मोटरसायकलवर वस्तीपर्यंत नेतो. अक्कलकोट, मंगळवेढ्याकडच्या वाड्या-वस्त्यांवरून माझ्या पोचा आलेल्या आहेत, शेतात अंगठा घेतलेल्यासुद्धा.

फक्त पत्ता नीट हवा. ‘मु. पो.’ लोक एका दमात लिहितात, पण मुक्काम आणि पोस्ट वेगळे असू शकतात. गावाला स्वतःचं डाकघर नसेल तर शेजारच्या ज्या गावी आहे त्याचं नाव ‘पो.’ पुढं यायला हवं. मी पक्षकाराला विचारतो, ‘तुमच्या गावात पोस्ट आहे का?’ तो ‘आहे की’ म्हणतो, आणि नंतर कळतं ते तीन किलोमीटरवर आहे. मग पिनकोड. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला आणि तो ज्यांच्या डोक्यातून निघाला ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी, वर संस्कृतचे कवी. सारखी नावं असलेली गावं, नाना लिप्यांतले पत्ते, यातून वाट काढायला सहा आकडे. पहिले तीन आकडे वर्गीकरणाचा जिल्हा सांगतात आणि तो जिल्हा म्हणजे आपला महसुली जिल्हा नव्हे. ४१३ म्हटलं की सोलापूर ४१३००१, पंढरपूर ४१३३०४ हे आलेच, पण लातूर, धाराशिव आणि पुणे जिल्ह्यातली बारामतीही ४१३ मध्येच. अंदाजानं पिन टाकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. वडगाव आणि पिंपरी किती आहेत, मोजून बघा.

आता तो कापलेला तारा. बाहेरच्या एका औद्योगिक गावातलं डिलिव्हरी ऑफिस आहे, नाव घेत नाही. तिथून माझी पाकिटं सात दिवस पुरे व्हायच्या आतच परत येतात. एकदा तर एकाच फर्मच्या दोन भागीदारांना, एकाच पत्त्यावर, एकाच दिवशी पाठवलेल्या नोटिशींपैकी एक ‘मिळाले’ आणि दुसरी ‘असा इसम येथे राहत नाही’. साहेबांनी दोन्ही पाकिटं शेजारी ठेवली आणि माझ्याकडं चष्म्यावरून पाहिलं. तक्रार ऑनलाइन नोंदवली. उत्तर आलं, की तक्रारीचं निराकरण करण्यात आलं आहे. काय निराकरण केलं हे त्यात नव्हतं. आणि भरपाईच्या नादी लागू नका. स्पीड पोस्ट हरवलं तर भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा १००० रुपये, यातलं जे कमी असेल ते मिळतं. म्हणजे नोटीस गेली तर हातात सव्वाशेच्या आसपास. आतल्या कागदाची किंमत चार लाखांच्या चेकची असली तरी.

कामाबाहेर मी पोस्ट फारसं वापरत नाही. शेजारच्या मावशींनी गेल्या दिवाळीत अमेरिकेतल्या लेकीला चादर पाठवायची म्हणून मला गळ घातली होती. तिकडच्या कस्टमच्या नियमांमुळं ऑगस्ट २०२५ च्या शेवटी अमेरिकेचं टपाल बंद झालं होतं, ते १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झालं आणि तिकडची ड्युटी इथंच आधी भरून घ्यायला लागले. दिवाळी तोंडावर होती. मावशींना म्हटलं, आता संक्रांतीला पाठवा.

पुण्याला दुसऱ्या दिवशी सकाळीच काही हवं असेल, शेंगाचटणी म्हणा, विसरलेलं औषध म्हणा, तर रात्रीच्या ट्रॅव्हल्सवाल्याला पैसे देऊन डिकीत टाका आणि तिथल्या माणसाला स्टॉपवर उभं करा. त्यापुढं पोस्टच काय, कुरिअरही टिकत नाही. पण त्याची पावती मागू नका, ड्रायव्हर हसतो.

आणि काउंटरवर हल्ली ओटीपीवर डिलिव्हरी घेणार का म्हणून विचारतात, आणखी पाच रुपयांत. घेणाऱ्याच्या मोबाइलवर नंबर येतो, तो त्यानं सांगितला तरच पाकीट हातात. पासपोर्ट, मार्कशीट, दागिन्याचं पार्सल असेल तर जरूर घ्या. नोटिशीला चुकूनही घेऊ नका. ज्याला चार लाख द्यायचे नाहीत तो ओटीपी देईल होय?